दोन्या मिनाची बंडी

चिनांदेगा शहरातल्या दवाखान्याच्या डायलिसिस वॉर्डात नवा माणूस दाखल झाला की इवानिया सिस्टर आधी त्याला वजनकाट्यावर उभं करायची आणि मग कपडे धुण्याच्या खोलीत दोन्या मिनाकडे पाठवायची. तिथे खिडकीला लागून पायमशीन होतं. मशीनवर एर्मिनिया उर्बिना, आपल्याकडे मिनाबाई म्हणतील तशी दोन्या मिना, वय बासष्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मान वर न करता ती म्हणायची, "सदरा काढ." जन्मभर ऊस तोडून मनगटं जाड झालेले गडी तिच्यापुढे मुकाट सदरा काढून उभे राहायचे. ती मापाची फीत घ्यायची, पण त्यांच्या छातीतून बाहेर आलेल्या नळीला बोट म्हणून लावायची नाही. फक्त बघायची, आणि बहुतेकदा बघून तिचं डोकं फिरायचं.

"हे काय बांधलंयस? बुटाची नाडी?"

"लोंबकळते ना दोन्या, म्हणून गळ्यात अडकवली."

"बकरं आहेस का तू, गळ्यात दावं घालून हिंडायला? सोड ती."

ही नळी गळ्याच्या हाडाखालून आत शिरते आणि पार हृदयाच्या तोंडाशी जाऊन थांबते. बाहेर तिला दोन शेपट्या, एकीला लाल टोपण, एकीला निळं. आठवड्यातून तीनदा अंगातलं सगळं रक्त ह्या दोन शेपट्यांतून मशीनकडे जातं आणि धुऊन परत येतं. नळी कशी घालायची ते डॉक्टरांना नेमकं ठाऊक असतं. पण घरी गेल्यावर त्या शेपट्यांचं काय करायचं, हे त्या माणसाचं त्याने बघायचं. मग कुणी त्या खिशात कोंबतो, कुणी चिकटपट्टीने कातडीला डकवतो. बायका आतल्या चोळीत खोचतात. वजन टाक्यांवर येतं, टाके ओढतात, भोक रुंदावतं. चिनांदेगाच्या उन्हात घाम तर अखंड गळत असतो. त्या भोकातून एकदा जंतू आत गेला की त्याला हृदयापर्यंत सरळ रस्ता मिळतो.

मिनाची बंडी त्यासाठी होती. दवाखान्याच्या जुन्या चादरींचं मऊ सुती कापड, बाह्या नाहीत, पुढून उघडणारी. छातीवर आतून एक पट्टा, त्यात दोन्ही शेपट्या आडव्या निजायच्या, म्हणजे भार कापडावर आणि टाके मोकळे. वरून टिचबटणांचं झाकण. टाचणी नाही, नाडी नाही, इलॅस्टिक नाही. प्रत्येकाला दोन बंड्या, एक अंगात आणि एक दोरीवर. रोजची बंडी रोज वीस मिनिटं उकळायची, उन्हात वाळवायची, इस्त्री फिरवायची. उकळण्यात कुणी चालढकल केली की मिनाला वासावरून कळायचं, आणि मग त्या माणसाचा भर वॉर्डात उद्धार व्हायचा.

तिला आणखी एक खोड होती. नळीच्या तोंडावरची चिकटपट्टी चौकोनी येते आणि घामाने आधी तिचे कोपरे सुटतात. इतकी वर्षं कॉलरी शिवलेल्या बाईच्या डोळ्याला ते खटकायचं. "कोपरे गोल कापून लावत जा," तिने इवानियाला कितीदा सांगितलं.

"चाळीस माणसं आहेत माझ्याकडे, दोन्या मिना," इवानिया म्हणायची. "तुम्ही काय, उद्या पट्टीला झालर लावायला सांगाल."

मिनाला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या घरात जे झालं त्यातून ती शिकली होती. त्या भागात मूत्रपिंडं गेली असं कुणी म्हणत नाही. "त्याला क्रिएटिनिन लागलं" म्हणतात, ऊन लागावं तसं. नवरा आपारिसियो सोळाव्या वर्षापासून ऊसतोडीला. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याला लागलं. तेव्हा गावाजवळ मशीन नव्हतं. तो घरीच सुजत गेला आणि घरीच संपला. थोरला हुस्तिनो एकोणतिसाव्या वर्षी त्यात सापडला, तोवर मशीन आलं होतं. त्याच्या नळीला त्याने बुटाची नाडी बांधली होती. एक दिवस झोपाळ्यातून उतरताना नाडी दोरांत अडकली आणि नळी दोन बोटं बाहेर ओढली गेली. कुणाला न सांगता त्याने ती स्वतःच आत ढकलली. अकराव्या दिवशी गेला. ती नाडी मिनाने शिवणमशीनच्या खणात ठेवली होती. पहिली बंडी तिने त्याच्या महिन्याच्या प्रार्थनेनंतर शिवली, अंगात घालायला घरात कुणी नसताना.

धाकटा एलिसेओ. त्याला तिने उसात जाऊ नकोस म्हणून शपथा घातल्या होत्या.

"मग काय करू आई? बिशप होऊ?" तो म्हणायचा. "गावात दुसरं काम दाखव, लगेच धरतो."

तिला ते दाखवता आलं नाही. एकतिसाव्या वर्षी त्यालाही लागलं.

त्याची पहिली नळी उजव्या बाजूला होती, ती गुठळीने बंद पडली. दुसरीला पहिल्याच पावसाळ्यात ताप आला, काढावी लागली. तिसरी डाव्या बाजूला घातली तेव्हा डॉक्टरांनी मिनाला बाहेर बोलावलं. "मानेत आता जागा उरलेली नाही," ते म्हणाले. "ही गेली तर मांडीतून घालावी लागेल, आणि मांडीची नळी ह्या हवेत किती दिवस टिकेल ते मी सांगू शकत नाही." त्यांनी एलिसेओच्या मनगटाशी शीर आणि धमनी जोडून दिली. ती शीर फुगून जाड झाली की सुया थेट हातात टोचता येतात, नळीची गरज संपते. पण त्याला आठ आठवडे लागतात. ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेला शस्त्रक्रिया झाली. मिनाने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वीस डिसेंबरला पेन्सिलीने गोल केला. तोवर ही एक नळी सांभाळायची. बाकी जगात काहीही होवो.

त्याच सुमारास बंडीला खिसा लागला.

कासिमिरा म्हणून एक मक्याच्या तोर्तिया भाजणारी बाई एलिसेओच्याच पाळीत यायची. दिवसभर तव्यापुढे उभी, त्यामुळे ती बंडी घालायची नाही. "मिने, तुझी बंडी म्हणजे भर उन्हात गोधडी," ती म्हणायची. "मला एक तरी कारण दे अंगात घालायला." मग तिनेच कारण काढलं. "एल विएहोच्या आईचा कापूस ठेवायला खिसा शिव. मग झोपेतसुद्धा काढणार नाही."

दर वर्षी सहा डिसेंबरला एल विएहो गावच्या देवळात मारियेची, म्हणजे तिथल्या आईची, चांदी बाहेर काढतात, मुकुट, समया, पेले, सगळं. लोक रांगेने येतात, हातात कापसाचा बोळा, आणि ज्याच्या वाट्याला जो तुकडा येईल तो घासतात. चांदीचा काळा मळ कापसावर उतरतो. तो कापूस फेकत नाहीत. वर्षभर घरात ठेवतात, तापलेल्या पोराच्या कपाळावर, दुखऱ्या दाढेवर, बाळंतिणीच्या पोटावर लावतात. कासिमिराने तो कुठे ठेवला होता ते मिनाने विचारलं, तेव्हा तिने गळ्यातून चोळीत हात घातला. नळीच्या भोकापासून दोन बोटांवर होता.

मिनाने त्याच दिवशी खिसा शिवला. बंडीच्या बाहेरून, नळीच्या उलट्या बाजूच्या बरगडीवर, झाकण आणि बटणासकट.

इवानियाने तो बघितला आणि कपाळाला हात लावला. "मी जंतू लांब ठेवायला मरमर मरते, आणि तुम्ही त्यांना खोली बांधून देता?"

"खोली घराबाहेर आहे, बाई. आधी कुठे ठेवत होती ते विचार तिला."

कासिमिराने दाखवलं. पुढच्या आठवड्यापासून माणसं इवानियानेच खिशासाठी पाठवली. कापसाला जागा मिळाल्यावर बंडी सगळेच घालायला लागले, घाम येतो म्हणणारेसुद्धा. गेल्या वर्षी ह्या दिवसांत वॉर्डात नऊ जणांना थंडी-ताप झाला होता, यंदा तिघांना. इवानियाने हे डॉक्टरांसमोर मोठ्याने सांगितलं, आणि मिनाला इतका अभिमान वाटला की ती घरी जाताना बसमध्ये कंडक्टरशीही गोड बोलली.

सहा डिसेंबर मंगळवारी आला. मिना पहाटे एल विएहोला गेली, पाच तास रांगेत उभी राहिली. तिच्या वाट्याला एका समईचा पाय आला. तिने तो असा घासला की मागचे लोक पुढे सरका म्हणून ओरडले. मागितलं एवढंच, दोन आठवडे. तिथून ती थेट वॉर्डात आली, एलिसेओच्या पाळीला, आणि खिसा असलेल्या प्रत्येकाला कापसाचा एकेक तुकडा दिला. "खिशात," ती प्रत्येकाला बजावत होती. "बाहेरच्या खिशात. आत घातलास तर हात तोडीन." एलिसेओच्या खिशात तिने स्वतः ठेवला आणि बटण दाबलं.

गुरुवारी आठ तारखेला सणाची सुट्टी, म्हणून त्याची पुढची पाळी शुक्रवारवर गेली होती.

बुधवारी दुपारी त्याची पट्टी सुटली. दोन दिवस उकाडा असा होता की कुत्रीसुद्धा गटारात बसली होती. खालचा कोपरा आधी उचलला गेला, मग अर्धी पट्टी लोंबायला लागली. इवानियाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की पट्टी सुटली तर हात लावायचा नाही, फडक्याने झाकायचं आणि मला फोन करायचा, कुठलाही दिवस असो.

"फोन कर तिला," एलिसेओ म्हणाला.

मिनाने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. सात डिसेंबर. संध्याकाळी घराघरांत मारियेपुढे आरास मांडतात, लोक दारोदार गात फिरतात, शोभेची दारू उडते. इवानियाच्या घरी सकाळपासून पाहुणे असणार. ती बिचारी बस पकडून वॉर्ड उघडायला येईल, आणि कशासाठी? पट्टी लावायला. आठ वर्षं मिना हे बघत होती. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर तिने फोन न केल्याबद्दल त्यांची सालटी काढली असती. पण स्वतःच्या हातावर तिचा भारी विश्वास होता.

तिने दार लावून घेतलं. नाका-तोंडावर फडकं बांधलं. कोपरापर्यंत हात तीनदा धुतले. कात्री उकळली. वॉर्डातून आणलेलं न फोडलेलं पाकीट होतं, त्यातलं औषध लावलं, पट्टीचे कोपरे कापले, सगळं इवानियापेक्षा निगुतीने. आणि पट्टी चिकटवण्याआधी तिची नजर बंडीच्या खिशावर गेली.

तेरा दिवस राहिले होते. उकाडा असाच राहिला तर पट्टी पुन्हा सुटणार. पट्टीवर तिचा भरवसा उरला नव्हता. तिने बटण उघडलं, कापसाचा बोटभर पुंजका ओढून काढला. घरातली प्रत्येक वस्तू ती उकळत होती, पण हे कसं उकळायचं? ज्या हातांनी मागितलं त्याच हातांनी पाण्यात घालून आशीर्वाद काढून टाकायचा? आणि आईच्या चांदीवरून आलेल्या गोष्टीत वाईट ते काय असणार? तिने तो पुंजका भोकाशेजारी ठेवला आणि वरून पट्टी दाबून बसवली.

"काय ठेवलंस?" एलिसेओने हनुवटी खाली करून बघायचा प्रयत्न केला.

"गप्प बस. आईचं आहे."

"कुठल्या?"

"दोघींचं."

तो हसला. संध्याकाळी लोक गात दारात आले तेव्हा ती मोकळ्या मनाने उठली आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना लिंबं आणि उसाची कांडी वाटली. एलिसेओ झोपाळ्यात बसून, मोजून मिळणाऱ्या पाण्याऐवजी बर्फाचा खडा चघळत, ऊस चोखणाऱ्यांकडे बघत होता. "बघ, मीच तोडलेला असेल," तो म्हणाला. "म्हणून एवढा गोड."

शुक्रवारी मशीन जोडून वीस मिनिटंही झाली नसतील, त्याला हुडहुडी भरली. साधी नाही, खुर्चीचे पाय फरशीवर वाजायला लागले. नळीतच घाण असली की रक्त फिरायला लागताक्षणी ती अंगभर जाते. इवानियाने मशीन थांबवलं आणि पट्टी सोलली. खालून राखाडी, ओला, दुर्गंधी येणारा कापूस तिच्या चिमट्याला चिकटून आला.

कुणीतरी धुण्याच्या खोलीत ओरडून सांगितलं. मिना धावत आली, हातात अर्धी शिवलेली बंडी.

"हे कुणी केलं?" इवानियाने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता.

"मी," एलिसेओ म्हणाला. दात वाजत होते, शब्द तुटत होते. "परवा... पट्टी सुटली. मीच ठेवला."

मिनाने तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे बघितलं. "आई, तू जा," तो म्हणाला. "तिकडे काहीतरी उकळत ठेवलंयस ना."

आणि ती गेली. तिकडे काहीच उकळत नव्हतं. मरत्या नवऱ्याकडे, थोरल्याकडे तिने कधी पाठ फिरवली नव्हती, त्या दिवशी मात्र ती भिंतीकडे तोंड करून रिकाम्या पातेल्यापाशी उभी राहिली. कापूस तिने भोळेपणाने ठेवला होता, त्याची तिला पुढे कधीतरी समजूत घालता आली असती. पण त्या वेळी ती तिथून निघून गेली, ते तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

नळी त्याच दुपारी काढली. मांडीतून दुसरी घातली. औषधं बदलली, पुन्हा बदलली. ताप उतरायचा आणि चढायचा. जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला होता, डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवला. वीस डिसेंबरला ते एलिसेओचा हात बघायला आले. मनगटावरची शीर करंगळीएवढी फुगली होती. मिनाने तिच्यावर बोट ठेवलं. आत रक्त थरथरत होतं, शिवणयंत्र चालू असताना त्याच्या फळीवर हात ठेवावा तसं. "उत्तम झालीय," डॉक्टर म्हणाले आणि खाली बघायला लागले. शीर ठरल्या दिवशी तयार झाली होती. बावीस तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला मिनाच्या बोटाखाली ती थांबली.

जानेवारीत मिना परत शिवणमशीनवर बसली. लोकांना नवल वाटलं. त्यात नवल काय? घरी बसून काय करणार होती? खणात हुस्तिनोची नाडी होती, तिच्याशेजारी तिने एलिसेओच्या बंडीचा खिसा उसवून ठेवला. नव्या बंड्यांना खिसे शिवणं बंद केलं.

त्या वर्षी वॉर्डात जो जो नवा माणूस आला त्याला इवानियाने एलिसेओची गोष्ट सांगितली. "आमच्याकडे एक होता," ती सुरू करायची. "तरणाताठा. आईने सोन्यासारखी बंडी शिवून दिलेली, हजारदा बजावलेलं. याने काय केलं, कापूस नळीला लावला. दोन आठवड्यांत खलास." लोक चुकचुकायचे. कुणी म्हणायचा, काय मूर्ख माणूस. वॉर्ड आणि धुण्याच्या खोलीच्या मधे फक्त एक पडदा होता. गोष्ट सुरू झाली की मिना पाय जोरात मारायची. पण मशीनचा आवाज कितीही झाला तरी "मूर्ख" हा शब्द तिला ऐकू यायचाच.

पुढच्या डिसेंबरात, चांदी घासल्याच्या दुसऱ्या दिवशी, एक गवंडी दाखल झाला. बरोबर बायको, देल्फिना नावाची, कालचा कापूस रुमालात गुंडाळून आणलेला. "नळीपाशी ठेवला तर चालेल ना?" तिने विचारलं. इवानियाने त्या दोघांना धुण्याच्या खोलीत आणलं, मापासाठी, आणि तिथेच सुरू केलं. "आमच्याकडे एक होता. तरणाताठा..."

मिनाचे पाय थांबले.

"तो नव्हता," ती म्हणाली.

इवानियाने वळून बघितलं.

"मी ठेवला. ह्या हातांनी. त्याला दिसतही नव्हतं काय ठेवते ते. तू विचारलंस तेव्हा मी तिथे होते आणि बोलले नाही."

देल्फिनाने रुमाल छातीशी धरला होता. ती एकीकडून दुसरीकडे बघत राहिली.

"मला माहीत आहे, दोन्या मिना," इवानिया म्हणाली. "सोललं तेव्हाच कळलं. पट्टीचे कोपरे गोल होते."

बाहेर मशीनची शिट्टी वाजली, कुणीतरी ती बंद केली.

"मग वर्षभर त्याला का बोलत होतीस?"

"त्यानेच सांगितलं होतं. नळी काढायला नेत होते तेव्हा माझा हात धरला. म्हणाला, माझंच नाव राहू दे, नाहीतर ती पुन्हा शिवणमशीनवर बसणार नाही. आणि ह्या सगळ्यांना बंड्या लागतात."

मिनाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोऱ्याची काडी कानावर नीट बसेना. मग तिने देल्फिनापुढे हात केला आणि रुमाल मागून घेतला, उघडून कापसाकडे बघितलं, परत गुंडाळून तिच्याच हातात दिला.

"घरी आईच्या तसबिरीपुढे ठेव," ती म्हणाली. "रोज दिवा लाव. याच्या अंगाला मात्र लावायचा नाही. मी लावला होता."

मग ती इवानियाकडे वळली.

"आजपासून गोष्ट सांगशील तेव्हा माझं नाव घ्यायचं. त्याचं नाही. मी इथेच बसलेली असते, बोटाने दाखवायचं."

इवानियाने मान हलवली. मिनाने गळ्यातली फीत हातात घेतली आणि गवंड्याकडे बघितलं.

"सदरा काढ," ती म्हणाली.